डायक्लोफेनॅक: ‘जेवल्यावर घ्या’ एवढ्याने भागत नाही

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

कंबर धरली, दाढ ठणकली, गुडघा सुजला किंवा पाय मुरगळला की आपल्याकडच्या बहुतेक घरांत जी गोळी डब्यातून बाहेर निघते, तिच्यात डायक्लोफेनॅक किंवा त्याचे सख्खे भावंड अ‍ॅसिक्लोफेनॅक असण्याची शक्यता बरीच असते. या गोळीबरोबर दोन सूचना ठरलेल्या असतात: उपाशीपोटी घेऊ नका आणि सोबत पित्ताची गोळी घ्या. दोन्ही सूचना आपापल्या जागी योग्य आहेत. मात्र त्या पाळल्या की औषध निर्धोक झाले, अशी जी समजूत त्यांच्या आडून पसरली आहे तिच्यामुळे लोक ही गोळी महिनोन्‌महिने बिनघोर घेत राहतात, आणि हा धागा काढण्याचे कारण तेच आहे. मी एका रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे येथे कोणाला कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. गोळी शरीरात काय करते आणि डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, एवढेच सांगेन.

प्रथम औषधाचे काम. पेशीला इजा झाली की तिच्या आवरणातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल मोकळे होते. सायक्लोऑक्सिजनेज नावाचे विकर (एन्झाइम), ज्याला थोडक्यात कॉक्स म्हणतात, त्या आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन या गटातली द्रव्ये तयार करण्याची सुरुवात करते. ही द्रव्ये त्या जागच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे लाली आणि सूज येते. शिवाय वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंची टोके इतकी हळवी करून ठेवतात की एरवी जो स्पर्श जाणवलाही नसता तो कळ होऊन येतो. मुरगळलेल्या घोट्यावरून नुसती चादर सरकली तरी माणूस कळवळतो, ते यामुळे. डायक्लोफेनॅक या विकराची वाट अडवते, प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होतात आणि दुखणे, सूज व ताप तिन्ही उतरतात. अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधे नेमकी येथे काम करतात हे जॉन व्हेन यांनी लंडनमध्ये १९७१ साली दाखवले आणि पुढे १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. डायक्लोफेनॅक त्याच काळातले. स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीने ते तयार केले आणि १९७४ मध्ये ते सर्वप्रथम जपानच्या बाजारात आले.

आता अडचण अशी आहे की प्रोस्टाग्लँडिन केवळ दुखऱ्या जागी तयार होत नाहीत. जठराच्या आतल्या अस्तरावर श्लेष्माचा जो संरक्षक थर असतो तो टिकवणे, मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी गरजेच्या वेळी उघडी ठेवणे, रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला रक्त गोठू न देणे, अशी नित्याची कामेही हीच मंडळी करतात. कॉक्स विकराचे दोन प्रकार आहेत: कॉक्स-१ बहुतेक ठिकाणी कायम हजर असते, तर कॉक्स-२ मुख्यतः इजा किंवा दाह झाल्यावर वाढते, जरी मूत्रपिंडासारख्या काही ठिकाणी तेही नेहमीच्या कामाला असते. डायक्लोफेनॅक दोन्हींना अडवते, पण त्याचा कल कॉक्स-२ कडे अधिक असतो. गोळीला दुखरा गुडघा आणि निरोगी मूत्रपिंड यांतला फरक कळत नाही. ज्या कृतीने आराम पडतो त्याच कृतीने अपाय होतो, म्हणून ‘चांगल्या कंपनीची घेतली’ या दिलाशाला फारसा अर्थ उरत नाही.

पोटाचेच पाहू. गोळी जठराला थेट टोचते आणि म्हणून जळजळ होते, हे अर्धे खरे आहे. डायक्लोफेनॅकच्या पुष्कळ गोळ्यांवर असे वेष्टण असते की त्या जठरात विरघळतच नाहीत, पुढे लहान आतड्यात विरघळतात. तरीही जठरात व्रण (अल्सर) होतात, कारण औषध रक्तात उतरल्यावर रक्तामार्गे जठराच्या अस्तरापर्यंत पोहोचते आणि तिथले संरक्षण कमी करते. इंजेक्शनमुळेही पोटात रक्तस्राव होऊ शकतो तो याच कारणाने. ‘गोळी सोसत नाही, सुई द्या’ हा आग्रह मी खिडकीवर सतत ऐकते, आणि त्यामागचा तर्क मुळातच लंगडा आहे. जेवणानंतर गोळी घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते, हा खरा फायदा आहे. व्रण टळण्याची हमी मात्र त्यात नाही. हे वेष्टण असलेली गोळी दातांनी फोडणे किंवा कुटून देणेही टाळावे, कारण मग वेष्टणाचा उपयोगच राहत नाही.

पित्ताची गोळी, म्हणजे ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल, याहून खूपच कामाची आहे. पासष्टीच्या पुढचे लोक, पूर्वी अल्सर झालेले, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असलेले, यांना डॉक्टर ती आवर्जून देतात आणि ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. पुष्कळ लोक ती वेदनाशामक गोळीबरोबर, जेवण झाल्यावर घेतात. पण तिचे संरक्षण जठर आणि त्यालगतच्या पक्वाशयापुरते आहे. लहान आतड्याच्या पुढल्या भागाला ते मिळत नाही, आणि मूत्रपिंड व हृदय यांच्याशी तर तिचा संबंधच नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या औषधांमुळे होणारा व्रण कित्येकदा दुखत नाही, कारण वेदना दाबणारे औषध पोटातच असते. पहिली खूण डांबरासारखी काळी, चिकट शौच हीच असू शकते. ती दिसल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता गोळीच्या पाकिटाकडे वळू. गेल्या आठवड्यात एक बाई औषधांची पिशवी खिडकीवर रिकामी करून ‘यातले कोणते चालू ठेवू?’ असे विचारू लागल्या. त्यात दाताच्या डॉक्टरांनी दिलेले निळ्या अक्षरांचे पाकीट होते, त्यावर डायक्लोफेनॅक ५० मि.ग्रॅ. आणि पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. असे छापले होते. हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या चंदेरी पाकिटावर अ‍ॅसिक्लोफेनॅक १०० मि.ग्रॅ., पॅरासिटामॉल ३२५ मि.ग्रॅ. आणि सेराटिओपेप्टिडेज होते. तिसरे तापासाठी घरात ठेवलेले पॅरासिटामॉल ६५०. नावे तीन, रंग तीन. प्रत्यक्षात मात्र दोन एकाच जातीची वेदनाशामके आणि तीन ठिकाणांहून येणारे पॅरासिटामॉल. अ‍ॅसिक्लोफेनॅकचा काही अंश शरीरात डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतरित होतो, त्यामुळे ही दोन्ही एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, अपाय मात्र वाढतो. सेराटिओपेप्टिडेज सूज उतरवते म्हणून आपल्याकडे सर्रास जोडले जाते. त्याची परिणामकारकता सिद्ध होत नाही म्हणून जपानमधल्या मूळ कंपनीने २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेतले, आपल्या पाकिटांवर ते आजही ठळकपणे आहे. पाकिटावरचे मोठे नाव सोडून खालची बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी, कारण आपण कोणते औषध घेतो आहोत हे त्या बारीक अक्षरांतच लिहिलेले असते.

प्रमाणाबद्दल थोडक्यात: प्रौढांसाठी दिवसाला सर्व मार्गांनी मिळून १५० मि.ग्रॅ. ही वरची मर्यादा मानतात, आणि अनेकांसाठी १०० मि.ग्रॅ. पुरेसे असते. रक्तातून हे औषध दोनेक तासांत निम्मे होते, पण सूज असलेल्या सांध्यातल्या द्रवात ते अधिक काळ टिकते, म्हणून आठ-बारा तासांनी घेतलेली मात्राही काम करते. ‘अजून दुखते आहे’ म्हणून दोन तासांनी दुसरी गोळी घेण्याचे कारण नाही. पाकिटावर शेड्यूल एच चा इशारा असतो, म्हणजे कायद्याने ही गोळी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. व्यवहारात काय चालते ते आपण सर्व जाणतो.

अबोली

कृष्णाकाठताई, लेख वाचून थोडी धास्तीच वाटली. माझी आई ६८ वर्षांची आहे आणि रत्नागिरीला एकटी राहते. तिला बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी आहे. गुडघे दुखतात म्हणून ती आठवड्यातून तीन-चार वेळा ही वेदनाशामक गोळी घेते, आणि गोळी गरम पडू नये म्हणून वर कपभर दूध पिते. पोटाचा काहीच त्रास नाही, त्यामुळे सर्व ठीक आहे असे आम्ही धरून चाललो होतो. अलीकडे पायांवर संध्याकाळी थोडी सूज दिसते. याचा काही संबंध असेल का?

कृष्णाकाठ

अबोलीताई, संबंध असू शकतो, आणि तुमच्या आईंचे उदाहरण म्हणजे मूत्रपिंडाबद्दल मला जे लिहायचे होते तेच आहे. मूत्रपिंडाच्या गाळणीला रक्त आणणारी एक सूक्ष्म वाहिनी असते आणि गाळून झाल्यावर ते बाहेर नेणारी दुसरी. पाटाच्या पाण्याचे दार जसे आत येणारे पाणी कमी झाले की जास्त उघडतात आणि बाहेर जाणारे थोडे ओढून घेतात, म्हणजे वाफ्यात पाणी पुरेसे उभे राहते, तसेच शरीर करते. आत येणारे दार उघडे ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिनचे; डायक्लोफेनॅक ते काढून घेते. बाहेरचे दार ओढून धरण्याचे काम अँजिओटेन्सिनचे. टेल्मिसार्टन ते सैल करते. आणि हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे पाणी व मीठ घालवून पाटातले पाणीच कमी करते. तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाब पडतो आणि मूत्रपिंडाचे काम मंदावते. उतारवयात, उन्हाळ्यात, जुलाब-उलट्यांच्या वेळी हा धोका अधिकच वाढतो.

याच कारणाने शरीरात मीठ व पाणी साचते, बीपी काही अंकांनी वर जातो आणि पायांवर सूज येते. मग कित्येकदा असे होते की बीपी वाढला म्हणून बीपीची आणखी एक गोळी सुरू होते, आणि मूळ कारण असलेली वेदनाशामक गोळी तशीच चालू राहते. दूध प्यायल्याने यातले काहीही बदलत नाही.

बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. वेदनाशामक गोळी तूर्त बाजूला ठेवून, ती किती दिवसांपासून व किती वेळा घेतली हे कागदावर लिहून, डॉक्टरांकडे जा आणि क्रिएटिनिन (रक्तातले याचे प्रमाण मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवते) व पोटॅशियम तपासायला हवे का, असे स्पष्ट विचारा. पायांच्या सुजेची इतरही कारणे असतात, हृदयाची धरून, म्हणून ही भेट पुढे ढकलू नका. एक खबरदारी आणखी: डॉक्टरांनी पुढे ही गोळी ठेवली तरी जुलाब, उलट्या किंवा खाणेपिणे बंद झालेल्या दिवशी ती घ्यायची नाही.

सह्यवाट

आमच्या ट्रेकच्या गटात आणि वारीला जाणाऱ्या ओळखीच्या मंडळींत एक पद्धत पडून गेली आहे: सकाळी निघतानाच एक गोळी घ्यायची, म्हणजे दिवसभर पाय बोलत नाहीत. दुखण्याआधीच घेतल्याने औषध कमी लागते असे म्हणतात. यात तथ्य आहे का?

कृष्णाकाठ

सह्यवाट, ज्या दिवशी मूत्रपिंडाला प्रोस्टाग्लँडिनची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवशी आपण ते काढून घेतो, असा याचा अर्थ होतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालताना किंवा मे महिन्यात गड चढताना घामावाटे पाणी जाते, रक्त स्नायूंकडे वळते आणि मूत्रपिंडाकडचा पुरवठा तसाच कमी होतो. त्यात श्रमाने मोडलेल्या स्नायूंतील द्रव्ये गाळण्याचा भारही त्याच्यावर येतो. तरुण, धडधाकट माणूस बहुधा यातून निभावतो, पण साठीच्या वारकऱ्याला मधुमेह आणि बीपी असेल तर गणित बदलते. शिवाय दुखणे ही थांबण्याची सूचना असते. ती दाबून चालल्याने फोडाची जखम आणि घोट्याची मुरगळ दोन्ही बळावतात. मुक्कामावर पोहोचल्यावर, पाणी पिऊन, लघवी स्वच्छ होते आहे हे पाहून, एखादी मात्रा घेणे आणि निघतानाच आगाऊ घेणे यांत मोठे अंतर आहे.

निवृत्त वैद्य

मी चाळीस वर्षे ग्रामीण भागात अ‍ॅलोपॅथीची प्रॅक्टिस केली आहे. माहिती बरोबर आहे, पण सूर एकांगी होऊ नये असे वाटते. मुतखड्याच्या कळेने गडबडा लोळणारा माणूस डायक्लोफेनॅकच्या एका इंजेक्शनाने अर्ध्या तासात शांत झालेला ज्याने पाहिला आहे, तो या औषधाला नावे ठेवणार नाही. तिथे प्रोस्टाग्लँडिनमुळेच मूत्रपिंडातला दाब आणि मूत्रनलिकेचा पीळ वाढलेला असतो, त्यामुळे हे औषध दुखण्याच्या मुळावरच घाव घालते. मूत्रपिंडे आधीपासून नीट असतील तर मुतखड्याच्या कळेवर याच गटातली औषधे आजही पहिली निवड मानली जातात. पाठीचा कणा आखडणाऱ्या अँकिलोजिंग स्पाँडिलायटिससारख्या आजारात तर कित्येकांना नियमित वेदनाशामकच उभे ठेवते.

दुसरे असे की लोकांना या गोळीची अति भीती घातली की ते वेदना सोसत नाहीत, ते बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांकडे वळतात. ‘शंभर टक्के जडीबुटी’ म्हणून मिळणाऱ्या अशा सांधेदुखीच्या चूर्णांत स्टेरॉइड आणि हेच डायक्लोफेनॅक गुपचूप मिसळलेले अनेकदा सापडले आहे. चेहरा सुजून, साखर वाढून आलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांना आपण काय घेतो हेच ठाऊक नसते, मग किती घेतो ते कुठून कळणार?

कृष्णाकाठ

डॉक्टरसाहेब, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. वेदना सोसत बसण्याचा सल्ला मी देणार नाही. चार-पाच दिवसांची दाढदुखी किंवा मुरगळ, निरोगी तरुण माणूस, ठरलेली मात्रा: यात या औषधाइतके उपयोगी दुसरे थोडेच. माझा आक्षेप ‘लागेल तशी’ या दोन शब्दांना आहे, कारण चिठ्ठीवरचे पाच दिवस संपल्यावर त्यांच्याच आधाराने पाच वर्षे निघून जातात.

इंजेक्शनाबद्दल मात्र पुस्ती जोडते. कमरेखाली दिले जाणारे ७५ मि.ग्रॅ. चे इंजेक्शन तीव्र कळेसाठी आहे, सलग दोन दिवसांपलीकडे ते देऊ नये असे त्याच्या माहितीपत्रकातच असते. क्वचित त्या जागी गळू होते किंवा स्नायू व त्वचा मरते. नुसत्या अंगदुखीला सुई मागणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

गोठा

पशुवैद्यक या नात्याने एक नोंद करतो, कारण मूत्रपिंडाचा विषय निघालाच आहे. गाई-बैलांना हेच औषध सर्रास दिले जात होते आणि ते मेल्यावर त्यांचे मांस गिधाडे खात. गिधाडांच्या मूत्रपिंडांना अत्यल्प डायक्लोफेनॅकही सोसत नाही. ती निकामी होतात, रक्तातले युरिक आम्ल बाहेर पडत नाही आणि काही दिवसांत पक्षी मरतो. शवविच्छेदनात हृदय आणि यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसतो. पाकिस्तानातल्या गिधाडांवरच्या अभ्यासातून हे कारण २००४ मध्ये जाहीर झाले. तोवर भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्याण्णव टक्क्यांच्या आसपास घटली होती, आणि मुंबईच्या डुंगरवाडीवर, जिथे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याची प्रथा आहे, पारशी समाजाला अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या तरीही गोठ्यात पोहोचत, म्हणून २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शन ३ मि.लि. च्या एका मात्रेपुरते मर्यादित केले गेले. अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेनही २०२३ मध्ये जनावरांसाठी बंद झाले. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे. वाचकांपैकी कोणाकडे जनावरे असतील तर घरातली गोळी कुटून त्यांना देऊ नका, एवढी विनंती.

लीसेस्टरकर

येथे ब्रिटनमध्ये जानेवारी २०१५ पासून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. त्याआधी लहान मात्रा काउंटरवर मिळे. जेल अजूनही मिळते. आई-बाबा भारतातून येताना पिशवीभर पाकिटे घेऊन येतात आणि येथल्या डॉक्टरांनी हृदयाचे कारण सांगून ती बंद करायला लावली. हृदयाचा मुद्दा लेखात आला नाही, तो कृपया सांगाल का?

कृष्णाकाठ

रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर प्रोस्टासायक्लिन तयार करते. ते वाहिनी सैल ठेवते आणि बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेटना, एकमेकींना चिकटू देत नाही. बिंबिका स्वतः थ्रॉम्बॉक्सेन तयार करतात, ते नेमके उलट काम करते. प्रोस्टासायक्लिनमागे मुख्यतः कॉक्स-२ आणि थ्रॉम्बॉक्सेनमागे कॉक्स-१ असते. ज्या औषधाचा कल कॉक्स-२ कडे आहे ते हा तोल रक्त गोठण्याच्या बाजूला झुकवते. निव्वळ कॉक्स-२ अडवणारे रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या झटक्यांमुळे २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले. डायक्लोफेनॅकचा कल त्याच दिशेचा आहे. अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार रोज १५० मि.ग्रॅ. घेणाऱ्या दर हजार जणांमागे वर्षाला सुमारे तीन जास्तीचे गंभीर हृदय-रक्तवाहिन्यांचे प्रसंग घडतात आणि त्यांतला एक प्राणघातक ठरतो. निरोगी माणसाच्या तीन दिवसांच्या गोळ्यांसाठी हा आकडा घाबरण्याजोगा नाही. ज्याला आधीच हृदयविकार, हृदयाची कमजोरी किंवा पक्षाघात होऊन गेला आहे त्याला मात्र डायक्लोफेनॅक देऊ नये, असे युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्येच ठरवले. तुमच्या आई-बाबांना सांगा की तिथल्या डॉक्टरांनी जे केले ते योग्यच आहे.

हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतल्यास ते बिंबिकांतली जागा अडवून बसते आणि अ‍ॅस्पिरिनचा उपयोग कमी होतो. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर कोणतेही वेदनाशामक विचारल्याशिवाय नको.

मोगरा

पाळीच्या दिवसांत मी ही गोळी महिन्यातून दोन दिवस घेते. वय ३१, अन्य आजार नाहीत. आता घ्यावी की नाही, असा प्रश्न पडला.

निवृत्त वैद्य

मोगराताई, पाळीची कळ हीसुद्धा प्रोस्टाग्लँडिनचीच कृती आहे. गर्भाशयाचे अस्तर ही द्रव्ये तयार करते आणि त्यामुळे स्नायू आवळतात. त्यामुळे येथे हे औषध योग्य जागी आहे, आणि कळ पराकोटीला जाण्याआधी पहिली मात्रा घेणेही योग्यच. दोन-तीन दिवस, जेवणानंतर, मर्यादेत, असे चालेल. दमा असून पूर्वी वेदनाशामकाने धाप लागली असेल किंवा नाकात मांसल गाठी असतील तर मात्र घेऊ नका. अशा रुग्णांना एका गोळीनेही गंभीर झटका येऊ शकतो. गर्भधारणेची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विसाव्या आठवड्यानंतर ही औषधे बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम करतात, आणि तिसाव्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी अवेळी बंद होण्याचा धोका असतो. कळ दर महिन्याला वाढत चालली असेल तर गोळी वाढवण्यापेक्षा तपासणी करून घ्या.

कृष्णाकाठ

पावसाळा तोंडावर आहे म्हणून येथेच सांगते: तापाबरोबर अंग ठेचल्यासारखे दुखत असेल तर डेंग्यू नाही हे नक्की होईपर्यंत या गटातली कोणतीही गोळी नको. बिंबिका आधीच घटलेल्या असतात आणि उरलेल्यांचे काम ही गोळी बिघडवते. कोकणात आणि मुंबईत पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर ताप आला असेल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) शंकाही असते, आणि तो आजार मूत्रपिंडांनाच धरतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही मोजून.

अबोली

आईला डॉक्टरांकडे नेऊन आणले. क्रिएटिनिन थोडे वाढलेले निघाले. गोळी बंद केली आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायचे आहे. गुडघ्यांसाठी त्यांनी डायक्लोफेनॅकचे जेल दिले आणि मांडीचे व्यायाम दाखवले. आता तेच औषध जेलमधून गेले तर चालते का, आणि लावायचे किती? आई बोटाच्या टोकाएवढे लावते आणि उपयोग नाही म्हणते.

कृष्णाकाठ

तपासणी वेळेत झाली हे बरे झाले. जेलमधून रक्तात जाणारे औषध गोळीच्या तुलनेत सहा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून डॉक्टरांनी ते दिले असावे. शून्य मात्र नव्हे, तेव्हा पुढच्या तपासणीच्या वेळी जेल किती लावले जाते ते डॉक्टरांना सांगा. गुडघा आणि हाताची बोटे त्वचेच्या जवळ असल्याने तिथे जेल चांगले पोहोचते. खुब्याचा सांधा खोल असल्याने तिथे त्याचा भरवसा धरू नये.

बोटाच्या टोकाएवढे कमीच पडते. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम लागते, दिवसातून तीन-चार वेळा. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन गुडघ्यांना एक ते अडीच दिवसांत संपते, महिनाभर पुरवायची नसते. आपल्याकडे खर्चाच्या विचाराने ती जपून वापरली जाते आणि मग औषधालाच दोष मिळतो. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. ट्यूबवरचे घटक वाचा, कारण पुष्कळ जेलमध्ये जवसाचे तेल, मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटही असते. यातले शेवटचे अ‍ॅस्पिरिनच्याच कुळातले आहे. गुडघ्याच्या सर्व बाजूंना, पुढेमागे, हलक्या हाताने पसरवायचे, जोर लावून चोळण्याची गरज नाही. वर गरम पाण्याची पिशवी किंवा घट्ट पट्टी नको, चिरलेल्या किंवा खाजवलेल्या त्वचेवर नको, आणि लावलेल्या जागेवर कडक ऊन पडू देऊ नये. नंतर हात साबणाने धुवावेत, विशेषतः आई डोळ्यांत थेंब घालत असतील तर.